दुबई किती योजने?

पुण्याहून दुबई किती लांब आहे, असे कुणाला विचारले तर उत्तर तासांत मिळते. लोहगावहून थेट विमान आहे, साडेतीन तासांत माणूस तिथे. सरळ हवाई रेषेने हे अंतर साधारण २,०५० किलोमीटर भरते, पण हा आकडा कुणाला पाठ नसतो आणि असण्याची गरजही नसते. तिकीट काढणाऱ्याला किती वेळ आणि किती पैसे एवढे कळले की पुरे. पुण्यात मात्र असा एक वर्ग आहे की ज्याच्यासाठी हा भूगोलाचा प्रश्न धर्माचाही प्रश्न होऊ शकतो. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात, विशेषतः भुसार विभागातल्या पेढ्यांवर, मारवाडी आणि गुजराती जैन नावे बरीच दिसतात. या घरांतले काही जण श्रावकाची, म्हणजे जैन गृहस्थाची, बारा व्रते घेतात, आणि त्या बारांत एक व्रत दिशांचे आहे: दिग्व्रत, म्हणजे प्रत्येक दिशेला आपण कुठपर्यंत जाऊ याची मर्यादा आयुष्यभरासाठी आखून घेणे. जगातल्या बहुतेक धर्मांनी अनुयायांना कुठे जावे हे सांगितले आहे. कुठवर जावे याची रेघ ज्याची त्याने आखावी आणि मग ती पाळावी, असे सांगणारे फार थोडे. विमान आल्यावर या रेघेचे काय करायचे? ती किलोमीटरमध्ये मोजायची की तासांत?

आधी व्रत नीट पाहू. दिशा दहा धरल्या आहेत: चार मुख्य, चार उपदिशा, वर आणि खाली. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात मर्यादेच्या खुणा कोणत्या घ्याव्यात हेही सांगितले आहे. समुद्र, नदी, अरण्य, डोंगर, प्रदेश, किंवा सरळ योजनांची संख्या. म्हणजे सगळ्यांना ठाऊक असलेली, हलवता न येणारी खूण हवी. तत्त्वार्थसूत्रात या व्रताचे पाच अतिचार, म्हणजे व्रताला डाग लावणाऱ्या चुका, मोजल्या आहेत. वरची, खालची आणि आडवी मर्यादा ओलांडणे हे पहिले तीन. चौथा क्षेत्रवृद्धी: पूर्वेला जायचे नसेल तर तिथली शिल्लक पश्चिमेला जोडून घेणे. पाचवा, आपण मर्यादा किती ठेवली होती हेच विसरून जाणे. ज्या कुणी ही यादी केली त्याला व्यापाऱ्याचे मन चांगले ठाऊक असावे, कारण एका खात्यातली शिल्लक दुसऱ्या खात्यात ओढणे ही खास पेढीवरची युक्ती आहे. वरच्या दिशेची मर्यादाही लक्षात घेण्याजोगी आहे. उडणे ज्या काळी कथांतच होते त्या काळातली ही अट, म्हणजे तिचा संबंध डोंगर चढण्याशी. जैनांचे तीर्थ असलेल्या सम्मेद शिखरजीचा पारसनाथ पहाड समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे. दुबईचे विमान त्याच्या सात-आठ पट उंचीवरून जाते. तेव्हा ज्याने वरची मर्यादा एखाद्या पहाडाच्या माथ्यावर ठेवली असेल, त्याचे व्रत आडव्या दिशेच्या आधीच, विमानाने उंची गाठताच मोडेल.

तासांत मोजावे म्हणणाऱ्यांची बाजू कच्ची नाही, म्हणून ती पुऱ्या जोराने मांडली पाहिजे. ते म्हणतील, योजन हे तरी कुठे नेमके माप होते? ग्रंथागणिक आणि प्रांतागणिक ते बदलते. जुन्या माणसाला अमुक योजने म्हटल्यावर डोळ्यांपुढे काय येत असेल? इतके मुक्काम, इतक्या दिवसांची वाट, घरी काही झाले तर निरोप पोचायला लागणारा काळ. अंतर म्हणजे श्रम, धोका आणि ताटातूट. या तिन्ही गोष्टी आज तासांवर आल्या असतील तर मर्यादाही तासांवर आली पाहिजे. शब्दाला चिकटून किलोमीटर मोजणे म्हणजे व्रताचे टरफल जपून गर टाकणे. शिवाय अनुभवही त्यांच्याच बाजूने बोलतो. पुण्याहून शिखरजी हवाई रेषेने १,४०० किलोमीटरच्या आसपास आहे. दुबई त्याच्या जवळजवळ दीडपट लांब. तरी शिखरजीला निघालेल्या माणसाला आधी एखाद्या मोठ्या गावापर्यंत विमान किंवा रेल्वे, मग पुढे रस्ता किंवा दुसरी गाडी, असे करत निदान एक दिवस घालवावा लागतो. दुबईला सकाळी निघालेला दुपारी जेवायला तिथे असतो. मग जवळ काय आणि लांब काय?

पहिली अडचण अशी की तास हे माप स्थिर राहत नाही. दुबईला जाताना विमानाला पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्याशी झुंजावे लागते, येताना तोच वारा पाठीशी असतो. त्यामुळे एकाच वाटेला जायला जास्त आणि यायला कमी वेळ लागतो. एकच मर्यादा जाताना मोडेल आणि परतताना शाबूत राहील, असे व्रत कसले? भिंतीवरच्या घड्याळावर विश्वास ठेवला तर गंमत आणखी वाढते. दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. जाताना काटे जेमतेम दोन तास पुढे सरकलेले दिसतात आणि येताना साडेचार. शिडाच्या जहाजांच्या काळात तर प्रश्न वाऱ्याच्या वेगाचा नव्हताच, वारा योग्य दिशेने सुटण्याचा होता; मोसम चुकला की अरबी समुद्र ओलांडायला महिनोन्‌महिने थांबावे लागे. आजही हा लहरीपणा संपलेला नाही, फक्त त्याचा धनी बदलला. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले आणि दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या कित्येक विमानांना वळसा पडला. दिल्ली जागची हलली नव्हती, पश्चिमेकडची शहरेही नाहीत. दोन सरकारांच्या भांडणाने ज्याची लांबी बदलते त्या मापावर आयुष्यभराचे व्रत कसे बेतायचे? समंतभद्रांनी समुद्र आणि डोंगर सांगितले त्यामागे हा शहाणपणा असणार.

दुसरे कारण याहून महत्त्वाचे आहे. मर्यादा श्रमासाठी होती हे गृहीतच मुळात तपासून पाहायला हवे. ग्रंथ व्रताचे कारण सांगतात तेव्हा दमणूक, धोका, घरापासूनचा दुरावा यांचा उल्लेख करत नाहीत. समंतभद्रांचे म्हणणे असे की मर्यादेच्या बाहेर गृहस्थाच्या हातून बारीकसे पापही घडत नाही, म्हणून तेवढ्या क्षेत्रापुरती त्याची लहान व्रते साधूंच्या महाव्रतांच्या तोडीची होतात. बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात हेच दोन बाजूंनी सांगितले. त्यांच्या मते गृहस्थ हा तापलेल्या लोखंडी गोळ्यासारखा आहे; तो जिथे जिथे घरंगळेल तिथे तिथे जीव भाजणार. दिग्व्रताने तो गोळा निदान एका अंगणात राहतो. आणि ज्याने हे व्रत घेतले त्याने जग व्यापत निघालेल्या लोभाच्या समुद्राला बांध घातला, असे ते पुढे म्हणतात. ही कारणे मान्य केली तर तासांचा युक्तिवाद उलटा फिरतो. गोळा सावकाश घरंगळला काय नि झटकन घरंगळला काय, किती जमीन भाजली ते अंतरावरून ठरते. प्रवास जितका सोपा, तितका लोभाला अटकाव कमी आणि मर्यादेची गरज जास्त. जुन्या काळी निम्मे दिग्व्रत वाळवंटे आणि समुद्रच पाळून घेत होते. ज्याच्याकडे बैलगाडी होती त्याने मर्यादा लिहिली नाही तरी फार बिघडत नव्हते. आज ती अडवणूक उरली नाही, तेव्हा रेघ ज्याची त्यालाच आखावी लागते. आणि साडेतीन तासांत श्रम वाचतात म्हणावे तर ते फक्त प्रवाशाचे. या मार्गावरचे मध्यम आकाराचे जेट तासाला सुमारे अडीच टन इंधन जाळते. अग्नी आणि वायू यांतही जीव मानणाऱ्या परंपरेत हा हिशेब प्रवाशाला थकवा आला नाही म्हणून शून्य होत नाही.

इथवर किलोमीटरवाल्यांची सरशी झाली असे वाटेल. पण व्रताचे कारण खरोखर हेच असेल, तर पासपोर्टवर शिक्का नसलेला माणूसही निश्चिंत राहू शकत नाही. ज्या भुसार विभागापासून आपण सुरुवात केली तिथेच पाहू. तिथल्या डाळींच्या गोण्यांत विदर्भ-मराठवाड्याची तूर असते, तशी म्यानमारची आणि मोझांबिकची तूरही देशाच्या बाजारात येते. मसूर आणि वाटाणा कॅनडाहून येतो, पामतेल इंडोनेशिया आणि मलेशियातून. फळ विभागात इराणची सफरचंदे आणि किवी, अफगाणिस्तानचा सुका मेवा, रमजानच्या सुमारास आखातातला खजूर. गाळ्यावर बसलेल्या माणसाने कात्रजचा घाट ओलांडला नसेल, पण त्याच्या एका फोनने न्हावाशेवाच्या बंदरात कंटेनर उतरतो. सुमात्रातले जंगल तोडून लावलेल्या ताडाच्या तेलाचा डबा जो विकतो, त्याच्या कर्माची सीमा कुठे धरायची? त्याच्या पायांनी मोजाल तर पुणे जिल्हा. त्याच्या सौद्यांनी मोजाल तर विषुववृत्ताच्या पलीकडे. गंमत अशी की दुबईला चार दिवस फिरायला जाऊन आलेला त्याचा पुतण्या घरात व्रत मोडणारा ठरतो आणि काका व्रतस्थ.

हा प्रश्न आपल्या काळाने निर्माण केला असे समजण्याचे कारण नाही. श्वेतांबर आगमांतले उपासकदशांग पाहावे. त्यातला पहिला श्रावक आनंद हा वाणिज्यग्रामचा गडगंज गृहस्थ. चार कोटी पुरलेले, चार कोटी व्याजाने लावलेले, चार कोटी घरसंसारात गुंतवलेले, शिवाय दहा दहा हजार गाईंची चार गोधने. महावीरांपुढे तो व्रते घेतो तेव्हा आपल्या परिग्रहाला मर्यादा घालताना गाड्या आणि जहाजे मोजतो: लांबच्या दिशांना जाणाऱ्या गाड्या पाचशे, जवळच्या वाहतुकीच्या पाचशे; लांब जाणारी जहाजे चार, जवळची चार. स्वतः किती कोस चालणार याचे त्याला एवढे पडलेले नाही. त्याच्या वतीने काय आणि किती दूर जाते, ते तो मोजतो. मार्केट यार्डातल्या भाषेत सांगायचे तर त्याने आपल्या आवक-जावकेला मर्यादा घातली. पाचशे गाड्या म्हणजे काही वैराग्य नव्हे, हे कबूल. पण मोजले तर खरे. आणि ज्या वस्तूंनी त्याचा हात लांब होत होता त्याच मोजल्या.

याहून नेमका पुरावा देशावकाशिक व्रताचा आहे. दिग्व्रत आयुष्यभराचे, देशावकाशिकात तीच मर्यादा एखाद्या दिवसापुरती, एखाद्या प्रहरापुरती आणखी आवळून घ्यायची. आज या गावाबाहेर नाही, आज या आवाराबाहेर नाही. त्याचेही पाच अतिचार तत्त्वार्थसूत्रात दिले आहेत: मर्यादेबाहेरची वस्तू मागवणे, बाहेर माणूस पाठवून काम करवणे, आवाजाने बाहेरच्याला सूचना देणे, स्वतःचे रूप दाखवून सूचना देणे, आणि एखादी वस्तू बाहेर फेकून आपला हेतू कळवणे. सूत्रकारापुढे कुंपणाच्या आत बसून खाकरणारा, हात हलवणारा, खडा मारणारा माणूस असेल. आपल्यापुढे फोन, व्हिडिओ कॉल आणि कुरिअर आहे. यादीत शब्दही बदलावा लागत नाही. शरीर रेघेच्या आत ठेवून इच्छा रेघेबाहेर चालवता येते हे त्यांनी ओळखले होते आणि त्याला पळवाट म्हणूनच नोंदले होते. विमानाने जाणे हा त्या मानाने सरळ, प्रामाणिक भंग आहे.

इथे जाणकार अडवतील. हे पाच अतिचार देशावकाशिकाचे आहेत, दिग्व्रताचे नाहीत. दोन व्रतांची सरमिसळ करू नका. आक्षेप रास्त आहे. ही दोन व्रते कोणत्या गटात मोडतात यावरही आचार्यांत मतभेद आहेत: तत्त्वार्थसूत्र दिग्व्रतापाठोपाठ देशव्रत, म्हणजे देशावकाशिक, घेते, समंतभद्र आणि श्वेतांबर परंपरा त्याला शिक्षाव्रतांच्या वेगळ्या गटात बसवतात. पण देशावकाशिक हा दिग्व्रताचाच संक्षेप आहे यावर कुणाचे दुमत नाही. मोठ्या मर्यादेत छोटी मर्यादा आखायची, कारण तेच, लाभ तोच. मग छोट्या कुंपणाबाहेरून माल मागवणे दोष असेल आणि मोठ्या कुंपणाबाहेरून मागवणे निर्दोष असेल, याला कारण काय द्यायचे? एकच सुचते, की एका दिवसापुरते माल न मागवणे जमण्यासारखे आहे आणि आयुष्यभर न मागवणे अवघड. ती सवलत झाली. सवलत देण्याला विरोध नाही. व्रत घेताना आगार, म्हणजे आधीच सांगून ठेवलेली सूट, ठेवण्याची रीत या परंपरेत आहेच. फक्त सवलतीला सवलत म्हणावे आणि ती उघड सांगून घ्यावी.

खरा अवघड आक्षेप वेगळा आहे. व्यापाऱ्याने आपला हात आखडला तर नुकसान एकट्या त्याचे होत नाही. नाशिकची द्राक्षे, सोलापूर-सांगोल्याची डाळिंबे, कोकणातला हापूस दुबईच्या बाजारात जातो म्हणून इथल्या शेतकऱ्याला दोन पैसे जास्त मिळतात. बाहेरची तूर आली नाही तर पाऊस चुकलेल्या वर्षी गरिबाच्या ताटातले वरण पातळ होते. यार्डात गोण्या वाहणाऱ्या हमालाची आणि माल तोलणाऱ्या तोलणाराची मजुरीही त्याच आवकेवर. एकाच्या आत्मकल्याणासाठी इतरांनी का झळ सोसायची? याला उत्तर असे, की दिग्व्रत हा आयात-निर्यातीचा कायदा नाही. ते एकेका माणसाने स्वतःपुरते घ्यायचे असते, आणि एका पेढीने सोडलेला सौदा दुसरी पेढी घेते. त्यावर म्हणतील, मग जगात फरक काय पडला? जगात थोडाच पडला असेल. पण व्रताने जगाची व्यवस्था लावण्याचा दावाच केलेला नाही. शिवाय दिशा बंद करणे व्यापाराला अशक्य असते, ही समजूत मार्केट यार्डानेच खोटी पाडली आहे. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षात तुर्कीने पाकिस्तानची बाजू घेतली, तेव्हा इथल्या सफरचंदाच्या व्यापाऱ्यांनी तुर्कीचा माल न घेण्याचे ठरवले. एक अख्खी दिशा त्यांनी बंद केली आणि बाजार बसला नाही. हिमाचल, इराण आणि इतर ठिकाणच्या मालाकडे ते वळले. त्यामागे धर्म नव्हता, राग होता. ती मर्यादा दुसऱ्याला शिक्षा म्हणून घातलेली होती, आणि दिग्व्रताची मर्यादा स्वतःच्या लोभाला घालायची असते. हा फरक मोठा आहे. पण करता येते की नाही, एवढ्याच मुद्द्यापुरता हा दाखला पुरेसा आहे. रागाने जे जमले ते संयमाने जमणार नाही असे म्हणायचे असेल, तर तसे स्पष्ट म्हणावे.

उलट बाजूने असेही विचारले जाते, की दूरवर पोचल्याने धर्मही दूर पोचतो, त्याचे काय? या प्रश्नाने साधूंमध्येच वादळ उठवले होते. जैन साधू वाहनात बसत नाहीत, पायी विहार करतात. १९७० साली मुनी चित्रभानू जिनिव्हातल्या परिषदेसाठी विमानात बसले तेव्हा मुंबईत मोठा विरोध झाला. १९७५ मध्ये स्थानकवासी परंपरेतले सुशीलकुमार मुनी अमेरिकेला गेले. पुढे न्यू जर्सीत त्यांनी सिद्धाचलम उभारले. आचार्य तुलसींनी १९८० मध्ये तेरापंथात समण श्रेणी सुरू केली: साधू आणि गृहस्थ यांच्या मधली, वाहन वापरण्याची मुभा असलेली. या तिन्हींत मला तुलसींचा मार्ग सर्वांत स्वच्छ वाटतो. त्यांनी विमानप्रवास साधूच्या नियमांत बसतो असे सिद्ध करण्याची खटपट केली नाही. नियम होता तसा ठेवला, आणि ज्यांना जायचे त्यांच्यासाठी वेगळे नाव आणि वेगळी पायरी केली. किलोमीटरचे तास करून मर्यादा गुपचूप ताणण्यापेक्षा हे बरे. श्रावकालाही हेच करता येईल. दुबईला मुलीकडे जाण्याचे आगार ठेवावे, दुबईला माल विकण्याचे ठेवू नये. किंवा दोन्ही ठेवावे, पण वर्षाला किती कंटेनर हे आनंदासारखे मोजून. जी मर्यादा पूर्ण पृथ्वीएवढी आखली आहे, तिला मात्र व्रत म्हणता येणार नाही. तो नुसता नकाशा झाला.

आनंदाच्या कथेचा शेवट इथे उपयोगी पडतो. बरीच वर्षे व्रते पाळून तो अंतिम उपवासाला बसला असताना त्याला अवधिज्ञान, म्हणजे इंद्रियांवाचून दूरवरचे दिसणारे ज्ञान, झाले. पूर्व, दक्षिण आणि पश्चिमेला लवणसमुद्रात पाचशे योजनांपर्यंत, उत्तरेला हिमवंत पर्वतापर्यंत, वर पहिल्या स्वर्गापर्यंत, खाली पहिल्या नरकापर्यंत त्याला दिसू लागले. महावीरांचे प्रमुख शिष्य गौतम गणधर यांना ते पटले नाही. गृहस्थाला एवढे विशाल ज्ञान होत नाही, ते झाल्याचे म्हटल्याबद्दल प्रायश्चित्त घे, असे ते आनंदाला म्हणाले. आनंदाने विचारले, प्रायश्चित्त खरे बोलणाऱ्याने घ्यायचे असते का? प्रश्न महावीरांपर्यंत गेला आणि क्षमा गौतमांना मागावी लागली. अंथरुणावर पडलेल्या माणसाने मर्यादेबाहेर पाहिले म्हणून त्याचे व्रत मोडले, असे या कथेत कुणी म्हणत नाही. त्याच दहा दिशांत पाहायला बंदी नाही. जाण्याला आणि करवण्याला आहे. तेव्हा दुबईत आज डाळिंबाला काय भाव निघाला हे गुलटेकडीच्या गाळ्यावर बसून मोबाइलवर वाचणे दिग्व्रताच्या आतच राहते. त्याच मोबाइलवरून तिथल्या व्यापाऱ्याला पुढचा कंटेनर पाठवतो म्हणून कळवले, की २,०५० किलोमीटर हिशेबात धरावे लागतात, मग विमानात कुणी बसलेले असो वा नसो.